उमेदवारीची जागा

लागोसचे आकिंतोला विल्यम्स १९४४ साली इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. लंडन विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी त्यांनी १९४६ मध्ये संपादन केली, १९४९ मध्ये ते सनदी लेखापाल झाले, मायदेशी परतून काही काळ प्राप्तिकर खात्यात चाकरी केली, आणि १९५२ साली लागोस येथे स्वतःच्या नावाची पेढी उघडली. आफ्रिकी माणसाने आफ्रिकेच्या भूमीवर काढलेली सनदी लेखापालांची पहिली पेढी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. जमाखर्चावरील ग्रंथ लागोसला दुर्मिळ नव्हते, आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका आगबोटीने कोठेही धाडता येते; परंतु मान्यताप्राप्त लेखापालाच्या नजरेखाली बसून दुसऱ्याच्या वह्या उलगडण्याची, चुकण्याची आणि ती चूक तेथल्या तेथे दुरुस्त करून घेण्याची जी सोय लागते, ती त्या काळच्या नायजेरियात तेथील मुलासाठी उपलब्ध नव्हती, आणि म्हणून बुद्धिमान तरुणाला हजारो मैलांचा प्रवास करावा लागला.

दक्षिण आफ्रिकेची कथा याहून कठोर आहे. तेथे सुवर्णखाणींच्या भरभराटीबरोबर लेखापालांचा व्यवसाय लवकर रुजला आणि त्यांची पहिली संघटना जोहान्सबर्ग येथे १८९४ साली स्थापन झाली. पण त्या देशातील पहिला कृष्णवर्णीय सनदी लेखापाल व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले. वाइसमन न्कुह्लू हे त्यांचे नाव. ट्रान्सकेई प्रांतात जन्मलेल्या या गृहस्थांनी तरुण वयात राजकीय चळवळीपायी रॉबेन बेटावरील तुरुंगवास भोगला, नंतर फोर्ट हेअर विद्यापीठाची पदवी घेतली, आणि सनद मिळाल्यावर उमटाटा या लहानशा गावी आपली पेढी मांडली. पुढे ते ट्रान्सकेई विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्याच विद्यापीठात शिकलेल्या नोनकुलुलेको गोबोडो या १९८७ साली देशातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला सनदी लेखापाल झाल्या. १८९४ पासून १९७६ पर्यंत ब्याऐंशी वर्षे होतात. इतक्या दीर्घ काळात त्या देशातील बहुसंख्य समाजात आकड्यांची बुद्धी असलेला एकही तरुण जन्मास आला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. शाळा तोकड्या होत्या हे खरे, तथापि शाळेची पायरी ओलांडून आलेल्यालाही गोऱ्या पेढीत उमेदवार म्हणून कोणी उभे करीत नव्हते, आणि उमेदवारीची मुदत पुरी केल्याचा दाखला नसेल तर सनद नाही, असा व्यवसायाचा शिरस्ता होता. परीक्षेच्या दालनापेक्षा कचेरीतील जागेचा दरवाजा अधिक घट्ट बंद होता.

हे दोन वृत्तान्त प्रारंभी सांगण्याचे कारण असे की, आजच्या आफ्रिकेतील विद्यापीठे लेखाशास्त्राच्या पदवीधरांना नोकरी का मिळत नाही याचा जो खल करीत आहेत, आणि त्यावर शिक्षणातच प्रत्यक्ष कामाचा अंतर्भाव करण्याचा जो उपाय सुचविला जात आहे, त्या सर्वांच्या मुळाशी हीच कचेरीतील जागेची टंचाई आहे, असे माझे मत आहे. पाठ्यक्रम सुधारण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. विद्यार्थ्याने बसावे कोठे, आणि त्याला बसविण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी त्या मानाने फार थोडे.

कामातून जे शिकायचे ते पुस्तकातून का शिकता येत नाही, हे एका उदाहरणाने पाहू. बँक जुळवणी पत्रक हा पुस्तपालनाच्या पहिल्या वर्षातील धडा. परीक्षेत रोख पुस्तकाची शिल्लक दिलेली असते, पासबुकाची शिल्लक दिलेली असते. अमुक दोन धनादेश अद्याप वटलेले नाहीत, बँकेने तमुक रकमेचा आकार लावला आहे, तो नोंदवायचा राहिला आहे, असा फरकाचा तपशील मुद्देवार पुरविलेला असतो. विद्यार्थ्याने अधिक-उणे करून दोन्ही बाजू जुळवायच्या. आता हाच विद्यार्थी दीर्घ सुट्टीत नैरोबीतील एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या कचेरीत रुजू झाला आहे अशी कल्पना करा. सफारीकॉम कंपनीने २००७ साली सुरू केलेल्या एम-पेसा या भ्रमणध्वनीवरील पैशाच्या व्यवस्थेतून या दुकानाची बहुतेक वसुली होते. महिनाअखेरीस जो उतारा हाती येतो त्यात प्रत्येक भरण्यापुढे अक्षरे व अंक मिळून दहा चिन्हांचा एक संकेतांक, पैसे धाडणाराचे नाव आणि रक्कम एवढेच असते. बीजक एका गिऱ्हाइकाच्या नावाचे असते आणि पैसे त्याच्या पत्नीच्या फोनवरून आलेले असतात. कोणी दोन बिजकांची रक्कम एकदम भरली, कोणी बिजकाच्या रकमेऐवजी खिशात होते तेवढे गोळा आकड्यात पाठविले, कोणाचा भरणा उताऱ्यात दिसतो पण त्याला मालच गेलेला नाही. फरक कोणता हे येथे कोणी सांगत नाही. फरक शोधून काढणे हेच काम असते.

मग या मुलाला विक्रेत्याकडे जावे लागते, बिजकांच्या स्थळप्रती चाळाव्या लागतात, गिऱ्हाइकाला फोन करून, त्याचा अवमान होणार नाही अशा स्वाहिली भाषेत, रक्कम कशापोटी पाठविली ते विचारावे लागते. आणि इतके करूनही ज्या रकमांचा उलगडा होत नाही त्या उचंत खात्यात ठेवाव्या की आणखी एक दिवस धीर धरावा, याचा निर्णय घ्यावा लागतो. सायंकाळी मुख्य हिशेबनीस येऊन विचारतो, “ही रक्कम उचंतला का टाकली?” त्या प्रश्नाचे उत्तर देताना विद्यार्थ्याची जी त्रेधा उडते, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न येण्यापूर्वी तो जी तयारी करून ठेवतो, त्या दोहोंच्या दरम्यान लेखापाल घडत असतो. पदवीधरांना पत्र नीट लिहिता येत नाही, गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, अपुऱ्या कागदांवरून निष्कर्ष काढता येत नाही, ही जी मालकवर्गाची नित्याची तक्रार असते, तिचे मर्म हेच आहे की या तिन्ही गोष्टी तयार तपशिलावरच्या उदाहरणांत कधी लागतच नाहीत.

अभ्यास आणि काम आलटून पालटून करण्याची कल्पना विद्यापीठांत प्रथम रुजविली ती अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या हर्मन श्नायडर यांनी, १९०६ साली, अभियांत्रिकीच्या सत्तावीस विद्यार्थ्यांना घेऊन. आफ्रिकेत ही कल्पना आली तेव्हा तिला प्रत्येक देशाच्या प्रशासनाने आपापला आकार दिला, आणि हे आकार एकमेकांहून इतके भिन्न आहेत की त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

नायजेरियाने १९७१ साली औद्योगिक प्रशिक्षण निधी स्थापन केला, मालकांकडून वेतनखर्चाच्या एक टक्का वर्गणी घेण्याची तजवीज केली, आणि १९७३ पासून विद्यार्थ्यांच्या औद्योगिक अनुभवाची योजना चालू केली. योजनेचा मूळ रोख अभियांत्रिकी, शास्त्र, शेती अशा शाखांकडे होता; लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याला कामाचा अनुभव घडवणारी तेथील खरी संस्था म्हणजे पॉलिटेक्निक, कारण राष्ट्रीय पदविका घेतल्यावर उच्च पदविकेच्या वर्गात प्रवेश मिळविण्यापूर्वी एक वर्ष प्रत्यक्ष काम करून येण्याचा तेथे नियम आहे. या योजनेचे अंतःकरण म्हणजे विद्यार्थ्याला दिली जाणारी नोंदवही. रोज काय केले ते विद्यार्थ्याने रोज लिहावयाचे, आठवड्याच्या अखेरीस कचेरीतील देखरेख करणाऱ्याने शेरा मारून सही करावयाची, आणि शिक्षणसंस्थेच्या अध्यापकाने भेटीस येऊन ती वही पाहावयाची.

ही वही दोन प्रकारे भरता येते. “आज प्रमाणके फाइलला लावली” हे एकच वाक्य सोमवारी, मंगळवारी, बुधवारी लिहून शुक्रवारी सही घेता येते. किंवा असेही लिहिता येते की, आज डिझेलच्या पावत्या वाहनांच्या नोंदीशी ताडून पाहिल्या, एका वाहनाच्या दोन पावत्यांवर एकच तारीख व जवळजवळ एकच रक्कम आढळली, विचारणा केली असता दुसरी पावती जनित्रासाठी घेतलेल्या डिझेलची असल्याचे समजले, तेव्हा तो खर्च वाहनखर्चातून काढून वीजनिर्मितीच्या खात्यावर नेला. वीज वारंवार खंडित होणाऱ्या नायजेरियात जनित्राचे डिझेल हा प्रत्येक कचेरीचा मोठा खर्च असल्यामुळे या नोंदीचे महत्त्व तेथील लेखापालास समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या वहीत आणि दुसऱ्या वहीत जो भेद आहे तो विद्यार्थ्याच्या वकूबाचा असतोच असे नाही. वही वाचणारे कोणी आहे की नाही, यावर तो पुष्कळसा अवलंबून असतो. शेरा मारणारा अधिकारी न वाचता सही करीत असेल आणि अध्यापक मुदत संपताना एकदाच, पंधरा मिनिटांसाठी, येत असेल, तर अत्यंत होतकरू मुलाची वहीही तिसऱ्या आठवड्यापासून पहिल्या प्रकाराकडे घसरू लागते.

पदवीनंतर नायजेरियाच्या तरुणाला राष्ट्रीय युवक सेवेत एक वर्ष काढावे लागते. हीही १९७३ चीच योजना. यादवी युद्धानंतर दुभंगलेल्या देशाला जोडावे हा तिचा उदात्त हेतू. लेखाशास्त्राच्या पदवीधराला या वर्षात एखाद्या सरकारी हिशेब खात्यात धाडले तर ते वर्ष सोन्याचे ठरते. परंतु सेवेकऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येला खेड्यातील शाळांवर शिक्षक म्हणून नेमले जाते. त्या शाळांची गरज मी कमी लेखीत नाही. तथापि लेखापालाच्या घडणीच्या दृष्टीने, शासनाच्या हाती असलेल्या कित्येक हजार जागा त्या विषयाच्या उमेदवारापर्यंत पोचत नाहीत, ही वस्तुस्थिती राहतेच. याच पोकळीवर राष्ट्रीय लेखापालांच्या संघटनेने जोस शहराजवळ क्वाल येथे स्वतःचे महाविद्यालय काढून पदवीधरांना व्यावसायिक शिक्षण देण्याची सोय केली. विद्यापीठाची पदवी घेतल्यावर पुन्हा एका वर्गात बसावे लागावे, याचा अर्थ काय तो विद्यापीठांनी समजून घ्यावा.

पूर्व आफ्रिकेकडे वळताना आपल्याकडील एका दुव्याचा उल्लेख करणे भाग आहे. ब्रिटिश अमदानीत केनिया, युगांडा आणि टांगानिका येथील सरकारी कचेऱ्यांतून व रेल्वेच्या दप्तरांतून कारकुनी आणि हिशेबाची कामे हिंदुस्थानातून गेलेले लोक करीत. त्यांत गोव्यातून गेलेल्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. वर युरोपीय अधिकारी, मध्ये हिंदी व गोमंतकीय हिशेबनीस आणि खाली आफ्रिकी शिपाई व मजूर, अशी ती उतरंड होती. आपल्या माणसांनी ती कामे निष्ठेने केली यात शंका नाही. पण या रचनेत हिशेबाच्या मेजाशी आफ्रिकी तरुणाला जागाच उरली नाही, आणि १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशापाशी स्वतःचे लेखापाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते, हेही आपण तितक्याच प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत नैरोबीत जे घडले ते मला या सर्व इतिहासातील सर्वांत अनुकरणीय वाटते. तंबाखू, तेल आणि मद्य या व्यवसायांतील तीन मोठ्या कंपन्यांनी स्ट्रॅथमोर महाविद्यालयाकडे जाऊन, आमच्या तरुणांना लेखापालाच्या परीक्षेसाठी तयार करा, अशी विनंती केली आणि १९६६ साली पंचवीस विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. वर्ग भरण्यापूर्वीच प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक कंपनी उभी होती. आधी जागा, मग वर्ग, असा तो क्रम होता. पुढे विद्यापीठे वाढली, विद्यार्थी वाढले, आणि क्रम उलटला. आज केनियातील विद्यार्थ्याला विद्यापीठ एक शिफारसपत्र देते, विम्याचा कागद जोडावयास सांगते आणि दोन-तीन महिन्यांची कामाची जागा त्याने स्वतः शोधून आणावी अशी अपेक्षा करते. नैरोबीत ज्याचा काका बँकेत आहे त्याला जागा मिळते. तुर्कानाच्या कोरड्या प्रदेशातून आलेल्या मुलीला शहरातील खोलीचे भाडे, रोजचा बसखर्च आणि बिनपगारी काम, या तिन्हींचा मेळ घालता येत नाही, आणि ती आपल्या गावाजवळ जे कोणते दफ्तर दार उघडील तेथे, तेथील काम हिशेबाचे असो वा नसो, मुदत पुरी करून दाखला आणते. एके काळी वर्णामुळे जो दरवाजा बंद होता तो आता वशिल्याने उघडतो आणि बसभाड्याअभावी बंद राहतो. मालकांकडून दर कामगारामागे दरमहा पन्नास शिलिंग प्रशिक्षणकर केनियातही घेतला जातो. या निधीचा ठळक वाटा विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाकडे वळविण्यास कोणत्याही नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही.

झिंबाब्वेची पद्धत मुदतीच्या बाबतीत अधिक उदार आहे. ग्वेरू येथील मिडलँड्स राज्य विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीपैकी तिसरे वर्ष संपूर्णपणे बाहेर, कामावर, काढावयाचे असते. बुलावायो येथील राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचाही असाच नियम आहे. दोन महिन्यांत विद्यार्थी कचेरीची ओळख करून घेतो तोच निघण्याची वेळ येते. वर्षभरात मात्र तो महिनाअखेर बारा वेळा पाहतो, वार्षिक ताळेबंद तयार होताना पाहतो, आणि लेखापरीक्षक येतात तेव्हा कोणत्या कपाटातील कोणता कागद ते मागतात हेही पाहतो. चौथ्या वर्षी तो वर्गात परततो तेव्हा अध्यापकाला प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळालेला असतो.

झिंबाब्वेच्या विद्यार्थ्याला त्या वर्षात जे पाहावयास मिळाले ते इतरत्र कोणालाही सहसा मिळत नाही. जुलै २००८ मध्ये तेथील महागाईचा अधिकृत दर तेवीस कोटी दहा लाख टक्के होता. २००६ मध्ये चलनावरील तीन शून्ये, २००८ मध्ये दहा आणि २००९ च्या फेब्रुवारीत बारा शून्ये काढून टाकण्यात आली. बँकांच्या संगणकांना अंकांची लांबी पेलवेना, आणि अखेर देशाने आपले चलन बाजूस सारून परकीय चलनांत व्यवहार सुरू केले. पुन्हा स्वतःचे चलन आल्यावर १ जुलै २०१९ पासून देशाची अर्थव्यवस्था अतिमहागाईची असल्याचे तेथील लेखापालांच्या नियामक मंडळाने जाहीर केले, आणि आंतरराष्ट्रीय लेखामानक क्रमांक २९ लागू झाले. तीन वर्षांतील एकूण महागाई शंभर टक्क्यांच्या आसपास किंवा त्यापलीकडे गेली, की हे मानक विचारात येते. त्यानुसार यंत्रे, इमारती, माल यांचे आकडे सर्वसाधारण किंमत निर्देशांकाने वाढवून ताळेबंदाच्या तारखेच्या चलनात मांडावे लागतात, रोकड आणि येणे-देणे मात्र आहे तसेच राहते, आणि हाती रोकड धरून बसल्यामुळे झालेला तोटा वेगळा दाखवावा लागतो. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याने हे मानक परीक्षेपुरते वाचलेले असते, किंवा वगळलेले असते. हरारेतील कचेरीत त्या वर्षी बसलेल्या विद्यार्थ्याला ते टाळण्याची सोय नव्हती. एका यंत्राची खरेदी नेमक्या कोणत्या महिन्यात झाली हे शोधण्यासाठी जुनी दप्तरे उपसावी लागत, कारण महिना चुकला की निर्देशांक चुके आणि निर्देशांक चुकला की सगळा ताळेबंद. तारखेला पैशाची किंमत असते हे विधान त्याने अशा रीतीने हातांनी शिकले. देशावरील ते संकट भयंकर होते आणि त्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही; परंतु लेखापालाच्या विद्येचा उपयोग समाजाला केव्हा होतो हे कळावयास त्या कचेऱ्यांपेक्षा मोठी शाळा नव्हती.

मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील, बहुतांशी फ्रेंच भाषक असलेल्या सतरा देशांनी समान व्यापारी कायद्याची संघटना उभारली असून, तिची सुधारलेली लेखापद्धती १ जानेवारी २०१८ पासून अमलात आली. या पद्धतीत प्रत्येक खात्याला ठराविक क्रमांक आहे. गिऱ्हाइकांचे ४११, स्थानिक बँकांचे ५२१, रोकडीचे ५७. डाकारला शिकलेला विद्यार्थी आबिजानच्या कचेरीत पहिल्या दिवशी वही उघडतो तेव्हा ती त्याला ओळखीची वाटते. कचेरी आणि वर्ग यांची भाषा एक असल्याचा हा लाभ इंग्रजी परंपरेतील देशांना नाही.

आता पुन्हा दक्षिण आफ्रिकेकडे येऊ, कारण या विषयाचा सर्वांत सखोल विचार तेथे झाला आहे आणि सर्वांत बोचणारे अपयशही तेथेच दिसते. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्या पदवीधराला तेथे मान्यताप्राप्त पेढीत किंवा कंपनीत तीन वर्षांचा प्रशिक्षण करार करावा लागतो. आपल्याकडील सनदी लेखापालांच्या उमेदवारीशी त्याचे नाते वाचकांच्या लगेच ध्यानात येईल, कारण दोन्हींचा उगम इंग्रजी परंपरेत आहे. या काळात त्याला वेतन मिळते, त्याने कोणती कामे कोणत्या दर्जाने केली याची नोंद ठेवली जाते, आणि ती नोंद पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. एक लहानसा नियम मला विशेष आवडला. या मुदतीपैकी एक वर्ष विद्यापीठात शिकविण्यात घालविले तरी ते धरले जाते, त्यामुळे नुकता शिकून तयार झालेला तरुण पुढच्या तुकडीला शिकवून मग पेढीत जातो. कृष्णवर्णीय आणि ग्रामीण मुलांसाठी सनदी लेखापालांच्या संस्थेने थुथुका नावाची योजना चालविली असून तिची शिष्यवृत्ती २००५ मध्ये सुरू झाली. शुल्क, वसतिगृह, जेवण, पुस्तके आणि मार्गदर्शक, एवढे सर्व ती पुरविते आणि पदवीनंतर प्रशिक्षणाची जागा कोठे हेही विद्यार्थ्याला अधांतरी ठेवीत नाही. न्कुह्लू यांच्या काळातील दुखणे ज्यांनी नीट ओळखले, त्यांनीच ही योजना आखली असली पाहिजे.

पण सनदी लेखापाल ही व्यवसायाची चिंचोळी शिखररेषा झाली. हिशेबनीस, करसाहाय्यक, पगारपत्रक करणारे, नगरपालिकेच्या लेखा शाखेतील कर्मचारी, यांची संख्या त्यांच्या कित्येक पट असते आणि ती घडवतात तंत्रज्ञान विद्यापीठे. यांच्या पदविकांत कामाचा काळ हा अभ्यासक्रमाचा गुणदायी भाग असतो. २००७ साली जाहीर झालेल्या उच्च शिक्षणाच्या चौकटीत याबाबत एक स्वच्छ तरतूद आहे. ज्या अभ्यासक्रमाला कामाच्या अनुभवाचे गुणांक आहेत, त्याच्या विद्यार्थ्यांना कामावर नेमून देण्याची जबाबदारी त्या संस्थेचीच आहे, आणि त्या कामाची आखणी, देखरेख व मूल्यमापनही व्यवस्थित झाले पाहिजे. मी या विषयातील नियम जितके वाचले त्यांत याहून सरळ नियम आढळला नाही.

त्याची अंमलबजावणी मात्र कठीण गेली. ज्या देशात २०२४ च्या पहिल्या तिमाहीत बेकारीचा दर ३२.९ टक्के होता, आणि पस्तिशीच्या आतील तरुणांत तो ४५ टक्क्यांच्या वर होता, तेथे विद्यार्थ्यासाठी रिकामी खुर्ची कोण ठेवणार? सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेले, परंतु कामाची जागा न मिळाल्यामुळे पदविकेपासून वंचित राहिलेले विद्यार्थी तेथे निपजले. कौशल्यविकासासाठी मालकांच्या वेतनखर्चावर तेथेही एक टक्का कर आहे आणि लेखा व वित्त व्यवसायासाठी स्वतंत्र मंडळ आहे. तरीही विद्यापीठाची मागणी आणि कचेऱ्यांतील जागा यांची बेरीज जुळली नाही.

तेथील उच्च शिक्षण परिषदेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत या शिक्षणाचे चार प्रकार मानले आहेत. कचेरीत जाऊन शिकणे हा त्यांपैकी केवळ एक. कामाकडे रोख ठेवून शिकविलेला सिद्धान्त, समस्येवर आधारलेला अभ्यास आणि प्रकल्प हे उरलेले तीन. या विभागणीचा आधार घेऊन काही ठिकाणी कचेरीची जागा प्रकल्पाने भरून काढली जाते. माझ्या मते येथे सावध राहावे. विद्यापीठाच्या दालनात खोट्या बिजकांची आणि खोट्या बँक उताऱ्यांची एक कचेरी उभी करून विद्यार्थ्यांना आळीपाळीने रोखपाल, खरेदी कारकून, लेखापरीक्षक केले, तर त्याने संगणक प्रणालीचा हात बसतो आणि कामाचा क्रम समजतो. हा लाभ थोडा नव्हे, आणि ज्याला कचेरीत जावयाचे आहे त्याने आधी येथून जावे हे उत्तम. परंतु तेथील बिजक अध्यापकाने रचलेले असते आणि त्याचे उत्तर अध्यापकाच्या टिपणात असते. गिऱ्हाइकाच्या पत्नीच्या फोनवरून आलेले पैसे त्यात येत नाहीत. त्यापेक्षा विद्यापीठाने आपल्याच गावातील भाजीबाजाराच्या, शिंपीकामाच्या, टॅक्सीमालकांच्या लहान धंद्यांसाठी हिशेब-केंद्र उघडावे, ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी अध्यापकाच्या देखरेखीखाली त्यांच्या वह्या लिहाव्या, करपत्रके भरावी. आफ्रिकेतील कोणत्याही शहरात अशा धंद्यांची वाण नाही, आणि हिशेबनीस ठेवण्याची ऐपत त्यांपैकी फार थोड्यांना आहे. येथे जागा मोठ्या कंपनीच्या कृपेवर अवलंबून राहत नाही, विद्यापीठ ती स्वतः निर्माण करू शकते.

जागा मिळाली तरी ती कशी वापरली जाते हा प्रश्न उरतोच. छायाप्रती काढणे, चहा आणणे, टपाल पोचविणे यांतच उमेदवाराची मुदत संपविणाऱ्या कचेऱ्या सर्व देशांत आहेत. यावर देखरेख अध्यापकानेच करावयाची. पण ज्या अध्यापकाने स्वतः कधी वह्या लिहिल्या नाहीत त्याला कचेरीतील अधिकाऱ्यापुढे बोलावयास तोंड उरत नाही. म्हणून अध्यापकांनाही काही वर्षांच्या अंतराने एका हंगामापुरते कचेरीत पाठवावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. ते परत येतील तेव्हा त्यांच्या प्रश्नपत्रिका बदललेल्या असतील.

आणि जागांच्या बाबतीत नायजेरिया, केनिया, युगांडा, घाना, झिंबाब्वे या सर्वांनी विद्यार्थ्याला कामावर नेमण्याची जबाबदारी संस्थेवर टाकणारी दक्षिण आफ्रिकेची ती तरतूद आपल्या कायद्यात घ्यावी, एवढेच नव्हे तर तिला एक पुरवणी जोडावी. लेखाशास्त्राच्या नव्या वर्गाला मान्यता देताना नियामक मंडळ प्राध्यापक किती, ग्रंथ किती, संगणक किती असे विचारते. त्याच अर्जात, कोणत्या कचेऱ्यांनी कोणत्या महिन्यांसाठी किती विद्यार्थी घेण्याचे लेखी मान्य केले आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही दर आठवड्यास कोण वाचणार आहे, त्याची यादी मागावी. यादीत ज्या संस्थेला चाळीस जागा दाखविता येतील तिला चाळीस विद्यार्थ्यांचा प्रवेश मंजूर करावा. पुढच्या वर्षी तिने साठ दाखविल्या तर साठांचा.